मूलभूत हक्काचा वाद कसा तपासावा : घटना हातात घेऊन, पायरीपायरीने

एखादा सरकारी आदेश निघतो आणि तासाभरात दोन्ही बाजूंनी घटनेचे नाव घेतले जाते. एक म्हणतो, ‘हे घटनाबाह्य आहे.’ दुसरा म्हणतो, ‘घटनेनेच हा अधिकार दिला आहे.’ कोणत्या अनुच्छेदाच्या कोणत्या खंडात, असे विचारले की दोघेही अडतात. वाद निरर्थक असतो असे नाही, पण तो चुकीच्या टोकाने सुरू झालेला असतो. ‘हक्क आहे की नाही’ हा प्रश्न बहुतेक वेळा सोपा असतो. अवघड असते ते पुढचे : हक्क कोणाविरुद्ध चालतो, निर्बंध घालायला कायदा आहे का, कायद्याचे कारण घटनेच्या यादीत बसते का, आणि बसत असले तरी निर्बंधाची मात्रा किती. न्यायालय साधारण याच क्रमाने जाते. पायरी गाळली की पुढचा युक्तिवाद कितीही जोरकस असला तरी हवेत राहतो.

आधी प्रत नीट घ्या

समजून घ्यायला मराठी अनुवाद उत्तम आहे. पण शब्दावरून वाद असेल तेव्हा इंग्रजी पाठ शेजारी ठेवाच, कारण निकाल त्यावर होतात. १९८७च्या ५८व्या घटनादुरुस्तीने हिंदी पाठालाही अधिकृत स्थान दिले आहे. मराठी-इंग्रजी प्रती एकत्र वापरताना एक हमखास घोटाळा होतो. मराठी प्रतीत उपखंड क, ख, ग, घ असे जातात, इंग्रजीत ए, बी, सी, डी. त्यामुळे मराठीतला १९(१)(ग) म्हणजे संघटना करण्याचा हक्क. वकिलांच्या तोंडी असलेला ‘नाइन्टीन वन जी’ म्हणजे व्यवसायाचा हक्क, आणि तो मराठीत १९(१)(छ) असतो. अर्जात किंवा लेखात हा ‘ग’ आणि ‘जी’ एकमेकांच्या जागी गेला की समोरचा पहिल्याच ओळीला हसतो.

तळटिपा वगळू नका. कोणता शब्द कोणत्या दुरुस्तीने आणि कधीपासून आला, हे तिथेच कळते. १९५० साली रोमेश थापर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्रास सरकारची एका साप्ताहिकावरची बंदी रद्द केली, कारण ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारण तेव्हा १९(२)मध्ये, म्हणजे भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांची कारणे सांगणाऱ्या खंडात, नव्हतेच. पुढच्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने ते घातले. परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधाला चिथावणी ही कारणेही त्याच वेळी आली. पण त्याच दुरुस्तीने ‘निर्बंध’ या शब्दाआधी ‘वाजवी’ हे विशेषणही बसवले. सरकारला कारणे वाढवून मिळाली आणि न्यायालयाला तराजू मिळाला. १९६३ साली सोळाव्या दुरुस्तीने सार्वभौमत्व व एकात्मता हे कारण जोडले. तेव्हा १९५०चा निकाल आजच्या वादात जसाच्या तसा टाकण्यापूर्वी मधल्या दुरुस्त्या पाहून घ्या.

हक्क कोणाचा, आणि कोणाविरुद्ध

घटनेच्या भाग तीनमधले, म्हणजे मूलभूत, हक्क सगळेच सगळ्यांना नाहीत. अनुच्छेद १४ (समता), २० (शिक्षेबाबत संरक्षण), २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य), २२ (अटकेबाबत संरक्षण), २५ (धर्मस्वातंत्र्य) ‘व्यक्ती’ला आहेत, म्हणजे परदेशी माणसालाही. १५ (भेदभावाला मनाई), १६ (सरकारी नोकरीत समान संधी), १९ (भाषण, संघटना, व्यवसाय इत्यादी स्वातंत्र्ये) फक्त नागरिकांना. कंपनी ही नागरिक नसते, म्हणून व्यवसायस्वातंत्र्याची याचिका कंपनी एखाद्या भागधारक नागरिकाला बरोबर घेऊन दाखल करते.

‘कोणाविरुद्ध’ या प्रश्नावर जास्त लोक घसरतात. मूलभूत हक्क मुख्यतः ‘राज्या’विरुद्ध आहेत, आणि राज्य म्हणजे काय हे अनुच्छेद १२ सांगतो : केंद्र व राज्य सरकारे, संसद व विधिमंडळे, स्थानिक संस्था आणि ‘इतर प्राधिकरणे’. सगळा तंटा या शेवटच्या दोन शब्दांचा. २००२च्या प्रदीपकुमार बिस्वास निकालात सात न्यायाधीशांच्या पीठाने कसोटी घालून दिली : संस्था पैशाने, कामाने आणि प्रशासनाने सरकारच्या पूर्ण वर्चस्वाखाली आहे का? नुसते अनुदान किंवा नुसती नोंदणी पुरत नाही. म्हणून ‘सोसायटीने माझ्या मूलभूत हक्कावर गदा आणली’ हे वाक्य सहसा टिकत नाही. २००५ साली एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व पारश्यांपुरते ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. सहकारी संस्था राज्य नव्हे, आणि सभासदांना संघटनेचा हक्क आहे, हा त्याचा आधार. निकाल अनेकांना रुचला नाही, पण तो कायदा आहे, आणि सोसायटीविरुद्ध लढायचे तर सहकार कायदा व उपविधींच्या वाटेने जावे लागते.

अपवाद मात्र ठाऊक हवेत. अस्पृश्यतेचा अनुच्छेद १७, वेठबिगारीचा २३, बालकामगारांचा २४ आणि दुकाने-उपाहारगृहे-पाणवठे यांच्या प्रवेशाचा १५(२) हे थेट खासगी माणसाविरुद्ध चालतात. २०२३च्या कौशल किशोर निकालात चार विरुद्ध एक बहुमताने १९ आणि २१ देखील बिगरसरकारी व्यक्तींविरुद्ध अमलात आणता येतील असे म्हटले आहे. मात्र प्रत्येक खासगी भांडण त्यामुळे घटनेचे होते असे समजू नये. शिवाय जी संस्था ‘राज्य’ नाही पण सार्वजनिक कर्तव्य बजावते, तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली, रिट म्हणजे न्यायालयाचा हुकूम मागायला, जाता येते. क्रिकेट नियामक मंडळाबाबत २००५ साली नेमके हेच झाले : ते राज्य नाही असे ठरले, पण २२६चे दार उघडे राहिले.

निर्बंधामागे कायदा आहे का

ही पायरी सर्वात कमी वापरली जाते आणि सर्वात जास्त उपयोगी पडते. १९(२) ते १९(६) मधले निर्बंध ‘कायद्याने’ घालायचे असतात. २१ खाली स्वातंत्र्य काढून घ्यायलाही कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती लागते. परिपत्रक, तोंडी सूचना, बैठकीचे इतिवृत्त हे कायदा नव्हेत. केरळमध्ये यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढले होते. मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६च्या बिजो इमॅन्युएल निकालात न्यायालयाने आधी हेच विचारले की गायलाच हवे असे कोणता कायदा म्हणतो. खात्याच्या परिपत्रकांना वैधानिक आधार नव्हता, म्हणून त्यांच्या जोरावर १९(१)(क)वर, म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर, मर्यादा घालता येत नाही असे ठरले. देशभक्ती, धर्म, शिस्त हे मोठे शब्द नंतर आले.

तेव्हा कोणताही आदेश हातात आला की त्याच्या वरच्या कोपऱ्यात पाहा. तो कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे, हे बहुधा लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर माहितीच्या अधिकारात तेवढाच एक प्रश्न विचारा. कलम सापडले तर त्या कलमाने इतका अधिकार दिला आहे का, हे वाचा. कित्येक प्रकरणे इथेच संपतात, घटनेपर्यंत जावेच लागत नाही, आणि न्यायालयालाही ते आवडते. साध्या कायद्याने प्रश्न सुटत असेल तर न्यायालय घटनेचा प्रश्न उघडत नाही.

कारण यादीत बसते का

भाषणस्वातंत्र्यावर बंधन घालायची कारणे आठ आहेत : सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, अपराधाला चिथावणी. ‘जनहित’ त्यात नाही. ‘भावना दुखावल्या’ हेही नाही. ते आणायचे झाले तर सुव्यवस्थेच्या दारातून आणावे लागते आणि मग सुव्यवस्था खरोखर बिघडत होती हे दाखवावे लागते. व्यवसायाच्या हक्काला मात्र १९(६)मध्ये ‘सर्वसाधारण जनतेचे हित’ हे कारण चालते. एका खंडातले कारण दुसऱ्या खंडाला चिकटवणे ही वर्तमानपत्री चर्चेतली नेहमीची चूक आहे.

सुव्यवस्था म्हणजे नेमके काय, यासाठी १९६६च्या राममनोहर लोहिया खटल्यातली न्या. हिदायतुल्ला यांची तीन वर्तुळे लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सर्वात बाहेरचे मोठे वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचे, आतले सार्वजनिक सुव्यवस्थेचे, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षिततेचे. दोघांची चौकात हाणामारी झाली तर कायदा मोडला, पण तेवढ्याने सार्वजनिक सुव्यवस्था बिघडली असे होत नाही. समाजाचे रोजचे जीवन विस्कटेल असा परिणाम लागतो.

२०१२ साली पालघरमधल्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान मिळाले ते त्याच सुमारास, आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल निकालात ते कलम रद्द झाले. त्यात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे वेगळे केले आहेत. चर्चा करणे आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणे, मग ते मत कितीही अप्रिय असो, हे हक्काच्या गाभ्यातले. चिथावणीपाशी पोचल्यावरच १९(२) लागू होतो. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे सैल शब्द कलमात होते. त्यांत काय बसते हे ना लिहिणाऱ्याला कळे, ना पोलिसाला, हा दुसरा आधार. कायद्यातला असा सैल शब्द शोधणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. कलमातल्या प्रत्येक विशेषणाला ‘हे कोण ठरवणार?’ असे विचारत जा.

मात्रा : निर्बंध किती

कारण योग्य असूनही कायदा पडतो तो इथे. आजची कसोटी चार प्रश्नांची आहे. हेतू वैध आहे का? उपायाचा हेतूशी संबंध आहे का? तितकेच परिणामकारक पण कमी जाचक असे दुसरे साधन होते का? आणि हक्काचे नुकसान व साधलेले हित यांचा मेळ बसतो का? २०१६च्या मॉडर्न डेंटल कॉलेज निकालात ती मांडली गेली आणि २०१८च्या आधार निकालात वापरली गेली. बहुतेक वाद तिसऱ्या प्रश्नावर जिंकले-हरले जातात.

कसोटीचे नाव नवे, पण विचार जुना. १९५०-५१च्या चिंतामणराव खटल्यात मध्य प्रांताचा एक कायदा होता. शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विड्या वळायला पूर्ण बंदी, म्हणजे शेतीला मजूर मिळतील. हेतू चुकीचा नव्हता. पण न्यायालयाने गावात विड्या कोण वळते ते पाहिले. म्हातारी माणसे, अपंग, लहान मुले, म्हणजे ज्यांना शेतावर तसेही जाता येणार नाही अशी माणसे बंदीच्या जाळ्यात सापडत होती. शेतमजुरांपुरती बंदी घालता आली असती, तास ठरवता आले असते. गरजेपेक्षा जास्त लांब हात टाकला म्हणून कायदा पडला. मात्रा तपासायची ती अशीच. ‘अन्याय आहे’ असे म्हणून भागत नाही. बंदीत सापडणारी पण हेतूशी संबंध नसलेली माणसे दाखवावी लागतात, आणि दुसरा उपाय नाव घेऊन सांगावा लागतो.

महाराष्ट्राच्या डान्स बार प्रकरणात हे दोनदा घडले. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात केलेल्या दुरुस्तीने साध्या बारमध्ये नृत्याला बंदी घातली, पण तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना सूट दिली. तेच नृत्य एका ठिकाणी अश्लील आणि दुसऱ्या ठिकाणी सभ्य कसे, याचे उत्तर सरकारकडे नव्हते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने १४ आणि व्यवसायस्वातंत्र्य या दोन्हींवर ती बंदी रद्द ठरवली. मग २०१६चा कायदा आला, बंदीऐवजी अटींचा. जानेवारी २०१९च्या निकालात त्या अटी एकेक करून तपासल्या आहेत आणि शिकणाऱ्यासाठी हा भाग सोन्यासारखा आहे. संध्याकाळी ६ ते रात्री साडेअकरा ही वेळ टिकली. नोटा उधळायला मनाई टिकली, पण बक्षिसी देता येईल असे ठरले. धार्मिक स्थळ व शाळेपासून एक किलोमीटरची अट पडली, कारण मुंबईसारख्या शहरात ती पाळायची म्हणजे व्यवहारात पुन्हा बंदीच. नृत्याच्या जागी सीसीटीव्ही लावण्याची अट खासगीपणावर पडली. एकाच कायद्यातली काही कलमे जगतात, काही मरतात. म्हणून ‘कायदा रद्द करा’ अशी सरसकट मागणी करण्याआधी नेमके कोणते कलम काढले तर उरलेला कायदा चालू शकतो, ते सांगावे.

अनुच्छेद १४ची जुनी कसोटी वेगळी आहे पण लहान आहे : वर्गीकरण समजण्याजोग्या फरकावर आहे का, आणि त्या फरकाचा हेतूशी संबंध आहे का. १९७४च्या रोयप्पा निकालापासून ‘मनमानी’ ही दुसरी कसोटी तिच्या जोडीला आली. दोन्ही वेगवेगळ्या मांडा, एकात एक मिसळू नका.

अर्थ लावण्याचे वाद : कोण कशावर उभे आहे ते ओळखा

इथवर आल्यावर उरतो तो खरा तात्त्विक वाद. शब्दाचा साधा अर्थ घ्यायचा, घटनाकारांचा हेतू पाहायचा, घटनेची एकूण रचना पाहायची, की आजच्या काळाला लागू पडेल असा अर्थ काढायचा? बहुतेक वाचक समजतात की उदारमतवादी न्यायाधीश एका पद्धतीने जातात आणि परंपरावादी दुसऱ्या. प्रत्यक्षात तोच न्यायाधीश एका प्रकरणात शब्दाला धरतो आणि दुसऱ्यात हेतूला. त्यामुळे माणसावर शिक्का मारण्यापेक्षा त्या परिच्छेदात कोणती पद्धत वापरली आहे ते समासात लिहीत जा.

मराठा आरक्षणाचा ५ मे २०२१चा निकाल या सरावासाठी उत्तम. १०२व्या घटनादुरुस्तीने २०१८ साली अनुच्छेद ३४२क आला. मागासवर्ग कोणते ते राष्ट्रपती अधिसूचनेने निर्दिष्ट करतील आणि त्या यादीत बदल संसद करेल, असा त्याचा आशय. प्रश्न असा की राज्यांचा स्वतःची यादी करण्याचा अधिकार संपला का? तीन न्यायाधीश म्हणाले, शब्द स्पष्ट आहेत, अनुसूचित जाती-जमातींच्या अनुच्छेदांसारखीच ही रचना आहे, म्हणून अधिकार संपला. दोन न्यायाधीश म्हणाले, राज्यांचा अधिकार जाणार नाही असे संसदेच्या प्रवर समितीसमोर आणि सभागृहात सांगितले गेले होते, हेतू तो नव्हता. शब्द आणि रचना एका बाजूला, हेतू दुसऱ्या बाजूला, असा हा ३ विरुद्ध २चा निकाल. ऑगस्ट २०२१मध्ये १०५व्या दुरुस्तीने संसदेने शब्दच बदलले आणि राज्यांचा अधिकार परत आला. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती नाही, यावर मात्र पाचही न्यायाधीश एकमताचे होते. बातम्यांत हे दोन मुद्दे एकमेकांत गुंतले आणि अजूनही अनेकांच्या डोक्यात गुंतलेलेच आहेत.

हेतूच्या युक्तिवादासाठी संविधान सभेची चर्चा वाचावी लागते. ती छापील खंडांत आणि ऑनलाइन मोफत आहे. आधी मसुद्यातला अनुच्छेद क्रमांक शोधा, कारण तो आजच्या क्रमांकाशी जुळत नाही. आजचा ३२ हा मसुद्यात २५ होता, आजचा १५ हा ९ होता. क्रमांक न जुळवता शोधणारा तासभर भलत्याच चर्चेत हिंडतो. या चर्चेचा उपयोग कधी कधी फार नेमका होतो. मसुदा ९वर नोव्हेंबर १९४८मध्ये ‘दुकान’ या शब्दात लाँड्री किंवा सलून येते का असा प्रश्न आला. डॉ. आंबेडकरांचे उत्तर होते की शब्द व्यापक अर्थाने घातला आहे, मागेल त्याला सेवा द्यायला जिथे कोणी बसले आहे ते दुकान. न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत समतेचा हक्क पोचवणारे हे उत्तर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी शिक्षणसंस्थांच्या संदर्भात हाताशी घेतले.

पण हेतूचा पुरावा नेहमी एकाच बाजूला नेत नाही, आणि अनुच्छेद २१ हे त्याचे सर्वात मोठे उदाहरण. ‘योग्य प्रक्रिया’ (ड्यू प्रोसेस) हा अमेरिकी शब्दप्रयोग मसुद्यातून जाणीवपूर्वक वगळून ‘कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती’ हे शब्द घातले गेले. संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. फ्रँकफर्टर यांना भेटून आल्यानंतर हा बदल झाला. सभेत जोरदार विरोध झाला. डिसेंबर १९४८मध्ये आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभेवर सोडला. विनाखटला स्थानबद्धतेवरच्या १९५०च्या गोपालन खटल्यात बहुमताने शब्द पकडले : कायदा आहे, कार्यपद्धती आहे, झाले. न्या. फझल अली एकटे वेगळे मत लिहून गेले. पासपोर्ट जप्तीवरच्या १९७८च्या मनेका गांधी निकालात चित्र पालटले. कार्यपद्धती न्याय्य, वाजवी हवी, आणि १४, १९, २१ एकत्र वाचायचे. आता टीका करणारा म्हणतो, घटनाकारांनी जे दाराबाहेर ठेवले ते न्यायालयाने खिडकीतून आत आणले. समर्थन करणारा म्हणतो, १९७५-७७च्या आणीबाणीत कोरड्या शब्दार्थाने काय होते ते दिसले होते. दोन्ही बाजूंना आधार आहे. मनेका निकालाची बाजू आम्हाला वजनदार वाटते ती रचनेमुळे. १९ला वाजवीपणाची अट आणि प्राणाला-स्वातंत्र्याला मात्र नाही, हे वाचन घटनेच्या बांधणीत विचित्र दिसते.

‘घटनात्मक नीतिमत्ता’ हा शब्द जपून वापरा. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८च्या भाषणात तो इतिहासकार ग्रोट यांच्याकडून घेतला, तेव्हा रोख घटनेच्या पद्धती पाळण्यावर होता. २०१८च्या नवतेज जोहर (समलिंगी संबंध) व शबरीमला (स्त्रियांचा मंदिरप्रवेश) निकालांत तो बहुसंख्याकांच्या नीतिमत्तेविरुद्धची ढाल म्हणून येतो. हे दोन अर्थ सारखे नाहीत, आणि समोरचा कोणता अर्थ घेतोय हे विचारल्याशिवाय त्यावर वाद घालू नये.

निकालपत्र वाचताना

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर निकाल मोफत आहेत, काहींचे मराठी अनुवादही. अनुवाद वाचायला घ्या, उद्धृत मूळ करा.

पहिल्या पानावर न्यायाधीश किती ते मोजा. मोठ्या पीठाचा निकाल लहान पीठावर बंधनकारक असतो. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर १४५(३)नुसार किमान पाच जण लागतात. निकाल अजून जिवंत आहे का ते पाहा : अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येत नाही असे २००४ साली पाच जणांनी म्हटले होते, १ ऑगस्ट २०२४ रोजी सात जणांच्या पीठाने ६ विरुद्ध १ने ते उलटवले. जुना लेख वाचून बोलणारा इथे फसतो.

मग कोणी काय लिहिले ते वेगळे करा. खासगीपणाच्या २०१७च्या निकालात नऊ न्यायाधीश एकमताचे आहेत, पण मते सहा. चार जणांचे मिळून एक, उरलेल्या पाचांची पाच. उतारा देताना तो कोणाचा हे सांगावे लागते, कारण एकट्याच्या मतातले वाक्य हे नऊ जणांचे सूत्र नसते. तलाक-ए-बिद्दतच्या (एका दमात तीनदा तलाकच्या) २०१७च्या निकालात तर आकडा ३ विरुद्ध २ असा असूनही तिघांची वाट एक नाही. न्या. नरिमन व न्या. लळित यांनी १९३७च्या शरियत कायद्याचा तेवढा भाग उघड मनमानी म्हणून काढला. न्या. कुरियन जोसेफ यांनी ती प्रथा कुराणाविरुद्ध, म्हणून शरियतचाच भाग नाही असे धरले. ‘न्यायालयाने व्यक्तिगत कायदा (विवाह, वारसा यांचे धर्मनिहाय नियम) मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासला’ असे सरळ म्हणता येत नाही ते यामुळे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे शून्य ठरवणाऱ्या अनुच्छेद १३मधला ‘कायदा’ म्हणजे व्यक्तिगत कायदा नव्हे, हा मुंबई उच्च न्यायालयाचा १९५१चा नरसू आप्पा माळी निकाल टीका होऊनही अजून उभा आहे.

विरोधी मतही वाचा. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, यावरच्या १९७६च्या जबलपूर निकालातले न्या. खन्ना यांचे एकट्याचे मत २०१७ साली बरोबर ठरले आणि बहुमताचा निकाल उलटवला गेला.

दाद मागताना

मूलभूत हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद ३२ खाली थेट जाता येते, पण व्यवहारात आधी उच्च न्यायालयात २२६ खाली जावे. तिथला अधिकार जास्त व्यापक आहे, आणि अपिलाची एक पायरी हातात राहते. दुसरा उपाय उपलब्ध असेल तर उच्च न्यायालय सहसा तिकडे पाठवते. मात्र मूलभूत हक्काचा भंग, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकार नसताना दिलेला आदेश किंवा कायद्यालाच आव्हान, या चार बाबी अपवाद आहेत (व्हर्लपूल निकाल, १९९८). रिटला ठरलेली मुदत नाही, पण उशीर केला आणि त्याचे कारण देता आले नाही तर याचिका त्यावरच फेटाळली जाते. आदेश मिळाल्याची तारीख, केलेले अर्ज, पोच आणि उत्तरे तारखेनुसार लावून ठेवा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतली व्यक्ती यांना १९८७च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००.

मागणी लिहिताना हक्क आणि दिलासा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे धरून चला. मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) उपजीविका हा जीविताच्या हक्काचा भाग ठरला, आणि आधी उच्च न्यायालयात दिलेली कबुली त्यांच्या आड आली नाही, कारण मूलभूत हक्क सोडून देता येत नाही. इतके सगळे जिंकूनही महापालिका कायद्याचे कलम ३१४ वैध राहिले. साधारणपणे नोटीस द्यावी एवढा अर्थ त्यात वाचला गेला, आणि हटवणे पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत थांबले. म्हणून याचिकेत हक्काच्या घोषणेबरोबर ठोस मागण्या स्वतंत्र क्रमांक देऊन लिहा : आदेश रद्द करा, अमुक मुदतीत सुनावणी द्या, पर्यायी जागा मिळेपर्यंत स्थगिती द्या. अंतरिम दिलाशाची मागणी वेगळी करा. ती न केल्यास निकाल लागेपर्यंत घर, दुकान किंवा नोकरी गेलेली असू शकते.